अ‍ॅटवॉटर केंट: रेडिओचा कारखाना, त्याचा मालक आणि तुमच्या तळघरातला तो पत्र्याचा सेट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फिलाडेल्फियाजवळ घेतलेल्या जुन्या घराच्या तळघरात तपकिरी पत्र्याचा एक रेडिओ सापडला. झाकणावर सोनेरी शिडाचं जहाज, आत सात व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांच्या) जागा, पाटीवर 'अ‍ॅटवॉटर केंट'. ही कंपनी कुणाची, एके काळी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर असलेली कंपनी १९३० च्या दशकातल्या मंदीत बुडाली हे खरं का, आणि रेडिओ पुन्हा चालेल का.

सगळ्यात आधी एक विनंती: तो सेट प्लगला लावू नका. 'बघू तरी लागतोय का' म्हणून लावलेले असे सेट मी पाहिले आहेत, त्यांतले काही कायमचे गेले. कारण पुढे येईलच.

वर्णनावरून तुमचा सेट मॉडेल ३७ किंवा मॉडेल ४० असावा. आतल्या पाटीवर नंबर असतो, तो बघा. ३७ हा १९२७ चा, ४० हा १९२८ चा. मॉडेल ४० त्या वेळी ७७ डॉलरला मिळत असे. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांचे पैसे वेगळे.

आता कंपनी. अ‍ॅटवॉटर आणि केंट असे दोन भागीदार होते असा समज मला नेहमी भेटतो. माणूस एकच: आर्थर अ‍ॅटवॉटर केंट. जन्म ३ डिसेंबर १८७३, व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन गावी. अ‍ॅटवॉटर हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. वूस्टरच्या पॉलिटेक्निकमध्ये तो शिकायला गेला, पण शिक्षण पुरं केलं नाही. विद्यार्थी असतानाच त्याचा जीव छोट्या विजेच्या मोटरी आणि पंखे बनवून विकण्यात रमला होता. १९०२ मध्ये तो फिलाडेल्फियाला आला आणि टेलिफोन, छोटे व्होल्टमीटर असला माल बनवू लागला. त्यानंतर त्याने मोटारगाडीच्या इग्निशनला हात घातला.

कंपनीचा स्वभाव घडला तो इथे, त्यामुळे इथे जरा थांबू. त्या काळच्या गाड्यांमध्ये इंजिन पेटवायला थरथरणारी कॉइल असे. ती एका स्फोटासाठी ठिणग्यांची माळ सोडायची, बॅटरी खायची आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडेलच याची खात्री द्यायची नाही. केंटने 'युनिस्पार्कर' काढला: प्रत्येक वेळी एकच ठिणगी, पण जोरदार आणि नेमक्या क्षणी. हे वरवर सोपं वाटतं. पण त्यासाठी लागणारी यांत्रिक अचूकता, संपर्कबिंदूंचं काम आणि उच्च दाबाची वीज अडवणारे साचेबंद भाग हे सगळं बाजारात तयार मिळत नव्हतं. केंटने ते स्वतःच्या कारखान्यात उभं केलं. १९१४ मध्ये फिलाडेल्फियातल्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूट या विज्ञानसंस्थेने या शोधासाठी त्याला जॉन स्कॉट पदक दिलं. पहिल्या महायुद्धात याच कारखान्याने सैन्यासाठी तोफांची नेम धरायची यंत्रं आणि तोफगोळा कधी फुटेल ते लावायची उपकरणं बनवली.

म्हणजे रेडिओचा जमाना उजाडला तेव्हा केंटकडे बेकेलाइट (त्या काळचं कडक प्लास्टिक) साच्यात ओतणारे, बारीक तारेची वाइंडिंग करणारे आणि पत्रा दाबून घडवणारे अनुभवी कामगार होते. १९२० च्या नोव्हेंबरात पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल हवेवर सांगितले आणि दोन वर्षांत देशभर रेडिओचं वेड पसरलं. तेव्हाच्या कित्येक कंपन्या म्हणजे गॅरेजमध्ये चार पोरं बसवून काढलेली दुकानं होती, विकत आणलेले भाग जोडायचे आणि विकायचे. केंट मात्र उलट्या टोकाने आला. आधी त्याने सुटे भाग विकले: ट्रान्सफॉर्मर, कपलर, अ‍ॅम्प्लिफायरचे डबे. मग हेच भाग एका पॉलिश केलेल्या लाकडी फळीवर मांडून विकायला सुरुवात केली. संग्राहक त्यांना 'ब्रेडबोर्ड' म्हणतात. मॉडेल १० हा त्यातला सगळ्यात ओळखीचा, १९२३ चा. पाच व्हॉल्व्ह, तीन डायल, वर झाकण नाही, बाजू नाहीत, सगळं उघडं. तपकिरी बेकेलाइट, पितळेचे स्क्रू, फळीच्या खालून नेलेल्या तारा. मी आजवर जे काही जुने रेडिओ उघडले त्यांत इतकं देखणं काम क्वचितच दिसलं. लपवायला जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक भाग दिसायलाही चोख असावा लागला.

आवाज मात्र सुखासुखी मिळत नसे. व्हॉल्व्हचे फिलामेंट (आतली तापणारी तार) तापवायला सहा व्होल्टची शिशाची बॅटरी, व्हॉल्व्हमधल्या प्लेटसाठी नव्वद व्होल्टपर्यंतच्या कोरड्या बॅटऱ्या. बैठकीच्या खोलीत गालिच्यावर अ‍ॅसिड सांडायची भीती कायम. आणि स्टेशन लावायचं तर तिन्ही डायल एकमेकांशी जुळवून फिरवायच्या. लोक वहीत लिहून ठेवत: अमुक केंद्र, पहिला डायल ४२, दुसरा ४४, तिसरा ४१. जुन्या सेटबरोबर कधी कधी अशी वही किंवा छापील तक्ता अजून मिळतो. मिळाला तर जपून ठेवा.

तीन डायल का, हे समजलं की कंपनीची पुढची चाल कळते. या सेटमध्ये अँटेनातून आलेला संदेश ओळीने अनेक टप्प्यांतून जातो आणि प्रत्येक टप्पा त्याच केंद्रावर आणावा लागतो. असे टप्पे वाढवले की ते आपसांत बोलू लागतात आणि सेट शिट्ट्या मारतो. हे थांबवायला हेझल्टिन नावाच्या प्राध्यापकाने 'न्यूट्रोडाइन' पद्धत शोधली होती. बऱ्याच कंपन्यांनी तिचा परवाना घेतला. केंटने घेतला नाही. त्याने व्हॉल्व्हच्या ग्रिडच्या (संदेश आत येतो त्या जाळीच्या) वाटेत छोटे रेझिस्टर घालून तो दोष काबूत आणला. थोडी संवेदनशीलता गेली, पण परवान्याचे पैसे वाचले आणि सेट कुणाच्याही हाती नीट वागू लागला. १९२६ च्या मॉडेल ३० मध्ये तीन डायलची एक डायल झाली: केंद्र लावणारे तीन फिरते कंडेन्सर पितळी पट्ट्यांनी एकमेकांना जोडले आणि एकच बटण फिरवलं की तिन्ही बरोबर फिरतात. पुढच्या काही सेटमध्येही हीच युक्ती आहे. या पट्ट्या एखाद्या मेकॅनिकने घाईने सोडवल्या तर पुन्हा जुळवायला दिवस जातो. तुमच्या सेटमध्ये त्या दिसल्या तर हात लावू नका.

१९२४ मध्ये विसाहिकन अ‍ॅव्हेन्यूवर वीस लाख डॉलर खर्चून नवा कारखाना उभा राहिला, तो वाढत वाढत ३२ एकरांवर पसरला. करवतीच्या दातांसारखं छप्पर, त्यातून येणारा उजेड आणि खाली वाइंडिंगपासून रंगकामापर्यंत सगळं एका छताखाली. लोक तो पाहायला येत. १९२५ पर्यंत ही अमेरिकेतली सगळ्यात मोठी रेडिओ कंपनी झाली होती. त्याच सुमाराला तिचा रेडिओवरचा गाण्यांचा कार्यक्रम 'अ‍ॅटवॉटर केंट अवर' सुरू झाला. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे गायक रविवारी संध्याकाळी लोकांच्या घरात गाऊ लागले. १९२७ पासून तरुण गायकांसाठी देशभर स्पर्धा झाल्या. यात जाहिरात होतीच. पण ज्या काळात ऑपेराचे मोठे गायक रेडिओवर गायला कचरत होते, त्या काळात त्यांना माइकपुढे उभं करण्याचं श्रेय या कार्यक्रमाला द्यायलाच हवं.

आता तुमच्या सेटकडे येऊ, कारण १९२७ हे या धंद्याचं वळण आहे. (आपल्याकडे त्याच वर्षी, २३ जुलैला, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं.) तोवर घरातली वीज रेडिओला थेट चालत नव्हती, कारण घरातल्या एसीवर (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेवर) फिलामेंट तापवलं की स्पीकरमधून घुमणारा आवाज येई. त्या वर्षी आरसीए (रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका) या कंपनीने २६ आणि २७ नंबरचे व्हॉल्व्ह आणले. २६ चं फिलामेंट जाड आणि अवघ्या दीड व्होल्टचं, त्यामुळे एसीचा झटका त्याच्या तापमानात फारसा उतरत नाही. पण डिटेक्टरच्या, म्हणजे लहरींतून आवाज वेगळा काढणाऱ्या टप्प्याच्या, नाजूक जागी तेही चालेना. तिथे २७: यात तापणारी तार आणि इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड वेगळे केलेले. तुमच्या सेटमध्ये चार २६, एक २७, आवाजासाठी ७१ए आणि रेक्टिफायर (एसीचं एकाच दिशेच्या डीसीत रूपांतर करणारा) म्हणून ८० असले पाहिजेत. जागा मोजून बघा, सात होतील.

त्याच वर्षी आरसीएने आपली पेटंटं इतरांना परवान्यावर द्यायला सुरुवात केली, विक्रीच्या साडेसात टक्के रॉयल्टीवर. ही रक्कम लहान कंपन्यांच्या गळ्याला फास ठरली. केंटसारख्या मोठ्याला ती झेपली आणि बाजार आणखी मोकळा झाला.

पत्र्याचा खोका का, असं तुम्ही विचारलं आहे. लोकांना तो लोखंडी ट्रंकेसारखा वाटतो आणि वाटतं की स्वस्तात काढलेला माल असेल. खरं तर यात केंटची सगळी हुशारी आहे. लाकडी कॅबिनेट बाहेरच्या सुतारी कारखान्याकडून घ्यावं लागे. पत्रा मात्र स्वतःच्या प्रेसवर दाबून, स्वतःच्या भट्टीत रंगवून तासाला कितीतरी काढता येत होता, शिवाय तो आतल्या भागांना बाहेरच्या विद्युत-गोंगाटापासून आडोसाही देत होता. ज्याला शोभिवंत लाकूड हवं, त्याच्यासाठी पूली, रेड लायन, कील अशा फर्निचर कंपन्या केंटचे सेट बसतील अशी टेबलं आणि कपाटं बनवत. कीलचं षटकोनी टेबल कधी पाहिलंत तर लक्षात ठेवा: वरून टेबल, आत रेडिओ.

१९२९ मध्ये कारखान्यात बारा हजारांहून जास्त माणसं होती आणि त्या वर्षी जवळजवळ दहा लाख सेट बाहेर पडले. इथून पुढे मात्र उतार.

'मंदीत बुडाली' हे उत्तर मला पटत नाही, कारण त्याच शहरात, त्याच मंदीत दुसरी एक कंपनी वर गेली: फिल्को. फिल्को मुळात बॅटरीवाली. बॅटरीवरच्या रेडिओंना घरच्या विजेवर चालवणारे खोके ती विकत होती. १९२७ च्या एसी व्हॉल्व्हनी तो धंदाच संपवला, म्हणून ती नाइलाजाने रेडिओत उतरली, १९२८ मध्ये. तिला जुन्या कारखान्याचं, जुन्या सवयींचं ओझं नव्हतं. १९३० मध्ये तिने कमानीच्या आकाराचा छोटा लाकडी सेट काढला, किंमत ४९.५० डॉलर, आणि त्याच वर्षी अमेरिकेत पहिला क्रमांक घेतला. ज्याची नोकरी गेली होती त्यालाही संध्याकाळी घरात गाणं हवं होतं, फक्त त्याच्या खिशात आता शंभर डॉलर नव्हते. लोकांनी रेडिओ घेणं थांबवलं नाही. महाग रेडिओ घेणं थांबवलं.

केंटने छोटे सेट काढले नाहीत असं नाही. १९३० मध्ये सुपरहेटरोडाइन (प्रत्येक केंद्राचा संदेश एकाच ठरावीक कंप्रतेवर आणून वाढवणाऱ्या) पद्धतीचा परवाना सगळ्यांना खुला झाला. त्यानंतरचा मॉडेल ८४ हा कमानीचा सेट मी खूप वेळा दुरुस्त केला आहे, आणि तो त्या काळातल्या सर्वोत्तम सेटपैकी आहे असं माझं ठाम मत आहे. पण त्याची चासी (आतला पत्र्याचा सांगाडा) उलटी करून शेजारी त्याच काळातला एखादा स्वस्त सेट ठेवला की गोष्ट समजते. स्वस्त सेटमध्ये पातळ पत्रा, बाजारातून घेतलेले कंडेन्सर, तारा जशा पोचतील तशा. केंटच्या सेटमध्ये जाड पत्रा, शिल्डिंग, जागच्या जागी बांधलेल्या तारा, स्वतः बनवलेले भाग. हे सगळं पैसे मागतं. दहा लाख सेट निघतात तेव्हा एवढा मोठा, सगळं स्वतः बनवणारा कारखाना प्रत्येक सेट स्वस्त करतो. विक्री त्याच्या काही हिश्श्यावर आली की तोच कारखाना प्रत्येक सेटच्या डोक्यावर बसतो. भाग बाहेरून घेणारी कंपनी खरेदी कमी करून मोकळी होते. ३२ एकरांचं छप्पर आणि त्याखालची यंत्रं कमी करता येत नाहीत. १९३३ नंतर तर वीस-पंचवीस डॉलरचे, ट्रान्सफॉर्मरच काढून टाकलेले चिमुकले सेट आले. एसीवरही चालत आणि डीसीवरही. त्या खेळात उतरायचं तर केंटला आपण वीस वर्षं जे उभं केलं तेच मोडावं लागलं असतं.

त्याने ते केलं नाही. १९३६ मध्ये त्याने कारखाना बंद केला. कंपनीचं दिवाळं वाजलं नाही, मालक श्रीमंतच राहिला. १९३१ पर्यंतच तीस लाखांहून जास्त रेडिओ विकल्याचं कंपनी अभिमानाने सांगत होती. पैशाने केंटला लढता आलं असतं असं मला वाटतं, पण ज्या दर्जाला त्याचं नाव होतं त्याच्या खालचा माल त्या नावाने विकायची त्याची तयारी नव्हती. काही अभ्यासक याला हट्ट म्हणतात. बारा हजारांच्या नोकऱ्यांचा विचार केला तर त्यांच्या म्हणण्यातही वजन आहे: कारखाना लहान करून, निम्मे भाग बाहेरून घेऊन कंपनी जगवता आली असती. पण तीस वर्षं प्रत्येक स्क्रू स्वतःच्या देखरेखीखाली घडवलेल्या माणसाकडून ती अपेक्षा कितपत धरायची, हा माझ्यासमोर खरा प्रश्न आहे.

पुढे केंटने फिलाडेल्फियाला बरंच दिलं. अमेरिकेचा पहिला झेंडा शिवल्याची आख्यायिका जिच्याबद्दल सांगतात त्या बेट्सी रॉस हिचं घर दुरुस्त करायला पैसे दिले. १९३८ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटची सातव्या रस्त्यावरची जुनी इमारत विकत घेऊन शहराला दिली, तिथे त्याच्या नावाचं संग्रहालय झालं. ते २०१८ मध्ये बंद झालं आणि तिथला संग्रह ड्रेक्सेल विद्यापीठाकडे गेला. केंट स्वतः कॅलिफोर्नियाला राहायला गेला होता. तिथेच ४ मार्च १९४९ रोजी तो वारला.

आता दुरुस्ती. तुमच्या सेटच्या आत एका बाजूला पत्र्याचा बंद डबा आहे. त्यात पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि विजेतली घुमघुम गाळणारे चोक (तारेचं वेटोळं) व फिल्टर कंडेन्सर सगळे डांबरात बुडवून ठेवलेले आहेत. केंटच्या माणसांनी हे ओल आत जाऊ नये आणि भाग कायम टिकावेत म्हणून केलं. ट्रान्सफॉर्मर खरंच टिकतो. पण कागदी कंडेन्सर शंभर वर्षं टिकत नाहीत. त्यांतून वीज गळते किंवा ते आतल्या आत जोडले जातात. तुम्ही प्लग लावला की ८० नंबरचा व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग यांच्यावर सगळा भार येतो. कंडेन्सर मेला तर तो बदलता येतो. वाइंडिंग जळलं तर सेटचा आत्माच गेला. म्हणून सुरुवातीची ती विनंती.

डबा बाहेर काढून, मंद उष्णता देऊन डांबर वितळवतात. उघड्यावर करा, धूर आणि वास भयंकर असतो, ज्योत जवळ नको. जुने कंडेन्सर काढून त्याच जागी आजचे फिल्म कंडेन्सर बसवा, रबराच्या कडक झालेल्या तारा बदला. वरून काहीच दिसत नाही, सेट मूळ रूपातच राहतो. ज्यांना डांबराचा त्रास नको ते जुन्या कंडेन्सरच्या तारा बाहेरून तोडून नवे चासीखाली लपवतात. मला पहिला मार्ग पटतो, कारण आतल्या तारांची अवस्था डोळ्यांनी बघता येते. पण दुसरा मार्ग चूक नाही.

दोन गोष्टी आणखी. हे सेट ११० ते ११५ व्होल्टसाठी बनले. आज तुमच्या घरात १२० किंवा थोडे जास्तच असतात, आणि २६ सारख्या व्हॉल्व्हचं फिलामेंट त्या जादा दाबाने लवकर जातं. व्हेरिअ‍ॅक (दाब कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) लावून दाब खाली आणा. पुढेमागे सेट पुण्याला न्यायचा विचार आहे म्हणालात. तिथे २३० व्होल्ट, म्हणजे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लगजवळही नेऊ नका. आणि आजचा ८ ओहमचा स्पीकर थेट जोडू नका. या सेटला जास्त ओहमचा जुना चुंबकी स्पीकर लागतो, केंटचाच गोल मॉडेल ई मिळाला तर उत्तम. नाहीतर मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर घाला.

सध्या प्लग बाजूला ठेवून मल्टिमीटर घ्या. पॉवर कॉर्डच्या दोन टोकांमध्ये, स्विच चालू करून, किती ओहम दाखवतो ते पाहा. मग आवाजाच्या टप्प्यातल्या ट्रान्सफॉर्मरची दोन्ही वाइंडिंग मोजा. प्रायमरी साधारण काही शे ते हजारभर ओहम आणि सेकंडरी त्याच्या कितीतरी पट यावी. काहीच दाखवत नसेल तर आतली केसासारखी बारीक तार गंजून तुटली आहे. या सेटमधला हाच सगळ्यात नेहमीचा बिघाड. ते आकडे आणि मॉडेल नंबर लिहा, म्हणजे कुठला भाग मागवायचा ते सांगतो.